लंडनबाहेरचं इंग्लंड : वाडे, किल्ले आणि बागा

डोंगरवाट

उन्हाळा जवळ आला की इथल्या मराठी व्हॉट्सॅप गटांवर एकच प्रश्न फिरायला लागतो : आईबाबा येताहेत, लंडन दाखवून झालं, आता कुठे नेऊ? उत्तरंही ठरलेली. स्टोनहेंज-बाथ एका दिवसात उरकणारी बस, नाहीतर बिस्टरला खरेदी. मी मध्य इंग्लंडात राहतो. सुट्टीच्या दिवशी जुनी घरं बघत हिंडणं हा आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना चालणारा एकमेव नाद आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. या धाग्यावर तुम्ही भर घालालच.

आधी व्यवहाराचं. बघण्यासारखी ठिकाणं ढोबळमानाने तिघांकडे आहेत. नॅशनल ट्रस्ट ही ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी १८९५ साली काढलेली धर्मादाय संस्था. वाडे, बागा, शिवाय समुद्रकाठचे मोठाले पट्टे तिच्या ताब्यात. इंग्लिश हेरिटेजकडे जास्त करून पडके किल्ले आणि मठ, पण ऑसबर्नसारखी घरंही. उरलेली खाजगी किंवा स्वतंत्र विश्वस्तांकडची : चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम, हायक्लिअर, सेझिनकोट वगैरे. एकाचं कार्ड दुसऱ्याच्या दारात चालत नाही, हे निघण्यापूर्वी पाहून घ्या. इथे राहणाऱ्या जोडप्याने ट्रस्टचं वार्षिक सभासदत्व घेतलं तर चार-पाच घरांत पैसे वसूल होतात, गाडीतळाचे वाचतात ते वेगळेच. पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा ठरावीक दिवसांचा पास मिळतो. आणि सप्टेंबरात 'हेरिटेज ओपन डेज' असतात, तेव्हा एरवी बंद असलेली कितीतरी दारं फुकट उघडतात.

आता माझा हट्ट. अशा घरात शिरलं की मी दोन गोष्टी शोधतो : पैसा आला कुठून आणि गेला कुठे. गालिचे, झुंबरं, तैलचित्रं पाच घरांनंतर सारखीच दिसू लागतात. हिशेब मात्र प्रत्येक घराचा निराळा असतो.

डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ घ्या. त्याचे मालक, डेव्हनशरचे दहावे ड्यूक, नोव्हेंबर १९५० मध्ये अचानक वारले. त्यांनी मालमत्ता आधीच कौटुंबिक विश्वस्तांकडे सोपवली होती, पण त्यानंतर पाच वर्षं जगणं कायद्याने आवश्यक होतं आणि त्याला थोडेच आठवडे कमी पडले. वारसा कर बसला ८० टक्के. जमिनी विकल्या, उत्तमोत्तम चित्रं गेली आणि हार्डविक हॉल हे अख्खं दुसरं घर करापोटी सरकारला द्यावं लागलं. १९५९ साली ते ट्रस्टकडे आलं. म्हणून आज चॅट्सवर्थचं तिकीट वेगळं आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या हार्डविकचं वेगळं!

दोन्ही बघा, पण एकच शक्य असेल तर मी हार्डविकला नेईन. बेस ऑफ हार्डविक या बाईने चार नवऱ्यांच्या मागे साठलेल्या संपत्तीतून १५९० च्या दशकात ते बांधलं. काच तेव्हा अतिशय महाग, म्हणून तिने दर्शनी बाजूला काचाच काचा लावल्या आणि गच्चीवरच्या मनोऱ्यांवर स्वतःची आद्याक्षरं दगडात कोरून घेतली, कोसभरावरून दिसतील अशी. पुढे १६९६ मध्ये खिडक्यांवर कर आला आणि तो १८५१ पर्यंत टिकला. जुन्या इंग्रजी घरांत विटांनी बुजवलेल्या खिडक्या दिसल्या तर त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असतं.

शंकेखोर

धागा आवडला, पण गाडी नसलेल्यांनी काय करायचं? मागे आम्ही एका गावच्या बसथांब्यावर रविवारी दोन तास उभे होतो. शेवटी कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं की रविवारी इथे बस येतच नाही.

रुळांवरून

@शंकेखोर, खेड्यातली बस रविवारी नाही असंच धरून चाला. रेल्वेच्या जवळची ठिकाणं निवडायची :

अरंडेल, ससेक्स. लंडन व्हिक्टोरियाहून थेट गाडी. किल्ला गावातच, स्टेशनवरून चालत. ड्यूक ऑफ नॉरफोकचं घराणं अजून तिथे राहतं. वसंतात ट्यूलिप पाहण्यासारखे, हिवाळ्यात बंद.

नोल, केंट. सेव्हनओक्स स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. मोकळी हरणं वावरतात. डबा उघडला की जवळ येतात, त्यांना काही घालू नका.

बोडियम आणि कॉर्फ या दोन्ही किल्ल्यांपर्यंत वाफेच्या इंजिनाची गाडी जाते. पहिली टेंटरडेनहून, दुसरी स्वॉनेजहून. मुलं किल्ल्यापेक्षा गाडीवरच खूश.

आणि एक : लीड्स कॅसल लीड्समध्ये नाही. ते दक्षिणेला केंटमध्ये आहे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने यॉर्कशरमधल्या लीड्सला हॉटेल घेतलं होतं. पुढचं लिहीत नाही.

केळीबाग

चॅट्सवर्थचं नाव निघालं आणि आमच्या जळगावचा उल्लेख नाही? हे चालायचं नाही.

तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. त्याने १८३० च्या सुमारास मॉरिशसमार्गे आलेलं केळीचं एक रोप मिळवलं आणि काचघरात वाढवलं. १८३५ मध्ये ते फुललं, पुढे घड धरला, प्रदर्शनात बक्षीस मिळालं. त्या जातीला मालकाचं, म्हणजे सहाव्या ड्यूकचं आडनाव दिलं : कॅव्हेंडिश. आज रावेर-यावलकडे उभी असलेली ग्रँड नैन काय किंवा तिच्याआधीची बसराई काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. आमच्या शेतातल्या झाडाचं आडनाव डर्बीशरमधल्या ड्यूकचं आहे हे कळल्यावर माझे काका दिवसभर हसत होते.

टेम्सकाठची

@केळीबाग, झकास! फक्त नाव तिथलं, मूळ झाड आशियातलंच, हे काकांना सांगा. :)

पॅक्स्टनबद्दल थोडी भर. सहाव्या ड्यूकला फुलझाडांचं वेड. १८३५ मध्ये त्याने जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला खास झाडं आणायला भारतात पाठवलं. गिब्सन कलकत्त्याला उतरला, खासी टेकड्यांत हिंडला आणि १८३७ मध्ये अँहर्स्टिया नावाचं फुलझाड, शिवाय ढीगभर ऑर्किडं घेऊन परतला. ती ठेवायला पॅक्स्टनने एक प्रचंड काचघर उभारलं. त्याच अनुभवावर पुढे लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनाचा काचेचा क्रिस्टल पॅलेस बांधला गेला. काचघराला उबेसाठी कोळसा अतोनात लागे. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई आली, झाडं गारठून मेली आणि १९२० मध्ये सुरुंग लावून इमारत पाडली. आता त्या जागी झुडपांचा भुलभुलैया आहे. मुलांना नक्की सोडा त्यात.

तिथला एम्परर फाउंटनसुद्धा चुकवू नका. रशियाचा झार निकोलस पहिला येणार म्हणून १८४४ मध्ये घाईघाईने केलेलं कारंजं. पंप नाही, वरच्या डोंगरावरच्या तळ्यातलं पाणी नुसत्या उताराच्या दाबाने उसळतं. झार आलाच नाही.

पेशवेपार्क

कॉट्सवोल्ड्समधल्या सेझिनकोटबद्दल कोणीतरी लिहील म्हणून थांबलो होतो. मीच लिहितो.

चार्ल्स कॉकरेल ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा करून परतला. भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल वास्तुकार. दोघांनी १८०५ च्या आसपास ग्लॉस्टरशरच्या हिरव्या टेकडीवर मुघली धाटणीचं घर बांधायला घेतलं. तांब्याचा कांदेघुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, खाली रुंद छज्जे, आणि दगड मात्र तिथलाच पिवळसर. बागेत सूर्यमंदिर, पुलाच्या कठड्यांवर नंदी. पाऊस भुरभुरत असताना कॉट्सवोल्ड्समध्ये नंदी बघणं मजेशीर वाटतं. १८०७ मध्ये युवराज, म्हणजे नंतरचा चौथा जॉर्ज, हे घर पाहून गेला आणि पुढे ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या त्याच्या महालाला घुमट चढले.

आता पुण्याचा धागा. बागेच्या आखणीत सल्ला होता चित्रकार थॉमस डॅनियलचा. याच डॅनियलने १८०५ मध्ये पुणे दरबाराचं ते मोठं चित्र पुरं केलं, ज्यात सवाई माधवराव गादीवर बसलेत आणि रेसिडेंट चार्ल्स मॅलेट १७९० चा टिपूविरुद्धचा तह सादर करतोय. चित्रासाठीची कच्ची रेखाटनं जेम्स वेल्स या चित्रकाराची होती. वेल्स पुण्यात राहून काम करत होता, पण १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची रेखाटनंही डॅनियलनेच १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. आणि मॅलेटसाठी वेरूळला जाऊन लेणी रेखाटणारा आपला पुण्याचा गंगाराम तांबट, त्याचं नाव इथे घेतल्याशिवाय मला राहवत नाही. सेझिनकोटच्या पुलावर उभं राहिलं की शनिवारवाडा वाटतो त्यापेक्षा जवळ आहे.

जायला सोपं : पॅडिंग्टनहून मोर्टन-इन-मार्शला थेट गाडी, तिथून शेतांमधून जाणारी पायवाट. आठवड्यातल्या मोजक्याच दुपारी उघडं असतं, आधी संकेतस्थळ बघा. आत फोटो काढू देत नाहीत.

रोखठोक

सगळं छान आहे, पण मला एक कळत नाही. आपल्याच लुटीवर बांधलेली घरं, आणि आपणच वीस पौंड मोजून बघायची? वर चहाबरोबर तो स्कोन नावाचा गोडसर पाव खाऊन यायचं?

गोदाकाठ

+१. पोवीसला टिपूच्या सिंहासनावरचं वाघाचं मुंडकं पाहून माझा दिवस खराब झाला होता.

डोंगरवाट

@रोखठोक, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की जाऊन बघा आणि तिथल्या माणसांना हेच विचारा. खोल्याखोल्यांत उभे असलेले स्वयंसेवक बहुतेक निवृत्त शिक्षक, परिचारिका, इंजिनिअर असतात. त्यांना झुंबराची किंमत विचारणारे रोज भेटतात, पैसा कुठून आला हे विचारणारा क्वचित. बरेचजण मनापासून बोलतात.

पण सगळं एका मापाने मोजता येत नाही. बर्कशरमधलं बॅसिल्डन पार्क सरळ सरळ बंगालच्या पैशाचं. फ्रान्सिस साइक्स कासिमबाजारला कंपनीचा माणूस, परत येऊन १७७६ पासून हे घर बांधलं. सरेतल्या क्लेअरमाँटला क्लाइव्हने जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं आणि तिथे धड राहण्याआधी १७७४ मध्ये मेला. तिथली बाग आता ट्रस्टकडे आहे. गोदाकाठ म्हणतात ते पोवीस वेल्समध्ये, श्रूजबरीहून फार लांब नाही. क्लाइव्हच्या मुलाचं लग्न त्या घराण्यात झालं म्हणून हजारावर भारतीय आणि आशियाई वस्तू तिथे आहेत, टिपूचा तंबूही. याउलट यॉर्कशरचं हेअरवुड बार्बाडोसच्या साखरेवर आणि गुलामांच्या व्यापारावर उभं आहे. भारताचा त्यात संबंध नाही, पण पाप कमी नाही. कित्येक घरं लोकर, कोळसा, शिसं, कुळांचा खंड यांवर झाली. तिथे लुटले गेले ते इंग्रज शेतकरीच.

सप्टेंबर २०२० मध्ये ट्रस्टने स्वतःच अहवाल काढला : ९३ ठिकाणांचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी संबंध. त्यावरून इथे केवढा गदारोळ झाला! काही सभासद चिडले, वर्तमानपत्रांनी झोडपलं. माझ्या मते त्या अहवालानंतर ही घरं बघायला जास्त अर्थ आला.

रोखठोक

पटलं असं म्हणत नाही. पण बॅसिल्डन घरापासून अर्ध्या तासावर आहे, जाईन म्हणतो. स्कोन खाणार नाही.

टेम्सकाठची

खाशील. :)

मोडीवाचक

लुटीची चर्चा चाललीच आहे तर कर्झनची एक गुंतागुंत मांडतो.

डर्बीशरचं केडलस्टन हॉल हे कर्झन घराण्याचं. रॉबर्ट अॅडमने सजवलेल्या संगमरवरी दालनात अॅलबास्टरचे २० खांब आहेत. या घराच्या आराखड्यावरून गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस बांधवलं, १८०३ मध्ये पुरं झालं, नंतरचं तिथलं राजभवन. त्यामुळे १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन आलेला कर्झन आपल्या जन्मघराच्या प्रतिकृतीत राहायला गेला. त्याने भारतातून नेलेल्या वस्तूंचं संग्रहालय केडलस्टनच्या तळमजल्यावर आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात त्याच्या बायकोने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही तिथलाच.

बंगालची फाळणी करणारा हाच माणूस. आणि १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा करणारा, पुरातत्त्व खात्याला जीवदान देणाराही हाच. इंग्लंडला परतल्यावर १९११ मध्ये लिंकनशरचा टॅटरशॉल किल्ला त्याने विकत घेतला, कारण तिथल्या मध्ययुगीन शेकोट्यांच्या दगडी चौकटी उखडून अमेरिकेला पाठवायचं चाललं होतं. त्या परत मिळवून त्याने जागच्या जागी बसवल्या. या प्रकरणामुळे १९१३ चा इंग्लंडमधला स्मारकांचा कायदा व्हायला जोर मिळाला. पुढे १९१७ मध्ये बोडियमही घेतला, दुरुस्त केला आणि १९२५ मध्ये मरताना दोन्ही किल्ले नॅशनल ट्रस्टला दिले. म्हणजे स्मारकं कायद्याने जपण्याचा धडा त्याने आधी आपल्याकडे गिरवला आणि मग मायदेशी नेला. या माणसाला कुठल्या खात्यात मांडायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मला अजून जमलेलं नाही.

सुधागडी

मोडीवाचक, सुरेख प्रतिसाद.

सह्याद्रीत वाढलेल्यांना एक सूचना : इथले किल्ले बघून पहिल्यांदा हिरमोड होतो. चढच नाही! बोडियम तर सपाट शेतात, खंदकात उभा. १३८५ मध्ये बांधायची परवानगी मिळाली. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, चित्रात काढतात तस्सा. तो लढण्यासाठी होता की मिरवण्यासाठी, यावर इतिहासकार अजून भांडतात.

मला भिडला तो डॉर्सेटमधला कॉर्फ. टेकडीवर आहे, चढायला लागतं. यादवी युद्धात लेडी मेरी बँक्स या बाईने राजाच्या बाजूने तो लढवला, वेढ्यांना दाद दिली नाही. १६४६ मध्ये पडला तो आतल्याच एका अधिकाऱ्याच्या फितुरीने. वाचताना ओळखीचं वाटतं ना? मग पार्लमेंटने ठराव करून तो सुरुंगांनी उडवला. आजही बुरूज तिरके कललेले, भिंतींचे डोंगराएवढे तुकडे उतारावर पडलेले. बाईच्या शौर्याचा मान म्हणून किल्ल्याच्या किल्ल्या तिला ठेवू दिल्या असं सांगतात. त्या जवळच्या किंग्स्टन लेसी या बँक्स घराण्याच्या नंतरच्या घरात बघायला मिळतात.

१८१८ नंतर आपल्याकडच्या गडांच्या पायऱ्या आणि तट इंग्रजांनी उडवले, तेव्हा हा उद्योग त्यांना नवा नव्हता. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी स्वतःच्याच किल्ल्यांवर करून झाला होता.

पारिजातक

बागांवर कोणीच लिहीत नाही म्हणून मी येते.

कधी काय ते थोडक्यात : फेब्रुवारीत स्नोड्रॉप, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत जंगलात निळ्या ब्लूबेलची चादर, मेमध्ये विस्टेरिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन, जूनमध्ये गुलाब, ऑक्टोबरअखेर पानांचे रंग. आईबाबा मे-जूनमध्ये येणार असतील तर त्यांचं नशीब उत्तम.

जून असेल तर केंटमधलं सिसिंगहर्स्ट. व्हीटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरॉल्ड निकल्सन या लेखक जोडप्याने १९३० मध्ये ही मोडकी जागा घेतली. नवऱ्याने रेषा आखल्या, बायकोने त्या झाडांनी भरून काढल्या. एका वाफ्यात फक्त पांढरी फुलं आणि रुपेरी पानं. मनोऱ्यावर चढून खाली पाहिलं की आखणी कळते. कॉट्सवोल्ड्समधलं हिडकोटही असंच, हिरव्या कुंपणांच्या भिंती करून 'खोल्या' पाडलेलं. सेझिनकोटपासून लांब नाही, पेशवेपार्कांनी एकाच दिवसात दोन्ही करावीत.

याउलट विल्टशरचं स्टूरहेड. हेन्री होर नावाच्या सावकाराने ओढा अडवून तळं केलं आणि काठावर देवळं मांडली. दर वळणावर दृश्य बदलतं. ऑक्टोबरात जा.

आता एक ट्रिक. घरासमोरच्या हिरवळीवर गायी चरताना दिसतात, कुंपण कुठेच नाही, तरी गायी दारात येत नाहीत. जवळ गेलात की खड्ड्यात बांधलेली भिंत दिसते, तिला 'हाहा' म्हणतात. घरातून बघणाऱ्याला ती दिसत नाही. केपेबिलिटी ब्राउन (१७१६-१७८३) हा असल्या बागांचा बादशहा. जे 'नैसर्गिक' वाटतं ते टेकडीसकट त्याने केलेलं असतं. आणि डोंगरवाटांच्या हिशेबाला जोड म्हणून : दृश्य बिघडतं म्हणून अख्खी गावं हलवली या लोकांनी. डॉर्सेटचं मिल्टन अॅबस तसंच वसवलेलं. चॅट्सवर्थजवळचं एडेन्सरही एकोणिसाव्या शतकात नजरेआड सरकवलं.

पिवळ्या रंगाच्या 'नॅशनल गार्डन स्कीम'च्या पाट्या दिसल्या तर गाडी थांबवा. १९२७ पासून लोक आपली खाजगी बाग परिचारिकांसाठीच्या मदतनिधीला एखादा दिवस उघडतात. चहा आणि घरचा केक. मोठ्या वाड्यांपेक्षा माझ्या सासूबाई तिथे जास्त रमल्या. मालकिणीशी खुणांनी बोलून तिच्याकडून एक फुटवाही मिळवला.

पाटावरवंटा

मला दिवाणखान्यापेक्षा स्वयंपाकघरं बघायला आवडतात. कॉर्नवॉलचं लॅनहायड्रॉक १८८१ च्या आगीनंतर पुन्हा बांधलं, त्यामुळे तिथलं व्हिक्टोरियन स्वयंपाकघर अगदी अद्ययावत : मांस भाजायचं वेगळं, बेकिंगचं वेगळं, दुधदुभत्याच्या खोलीत वाहत्या पाण्याने थंड राखलेल्या फरशा. ससेक्सच्या पेटवर्थमध्ये तांब्याच्या भांड्यांची ओळच ओळ. नोकरांचे जिने निराळे, घंटांचा फळा निराळा, कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते कळायला. आमची आई तिथे तासभर होती. वर राणीचा पलंग आहे म्हटलं तर म्हणाली, तुम्ही या जाऊन.

खुर्चीवर वाळकं काटेरी फूल किंवा पाइनचं बोंड ठेवलेलं दिसलं तर तिथे बसायचं नाही, असा अर्थ. साधी खुर्ची असेल तर खुशाल बसा.

गोदाकाठ

बाबांचे गुडघे दुखतात. वरच्या मजल्यांचं काय? आणि ऑसबर्न कसं आहे?

डोंगरवाट

@गोदाकाठ, बऱ्याच ठिकाणी गाडीतळापासून दारापर्यंत छोटी बग्गी असते, चाकाची खुर्ची विनामूल्य देतात. आधी फोन करून सांगितलं की सोय होते. सोबत करणाऱ्याला बहुधा तिकीट पडत नाही. किल्ल्यांचे गोल जिने मात्र सोडून द्या.

ऑसबर्न नक्की करा. साउदॅम्प्टनहून ईस्ट काउजला फेरीबोट, तिथून जवळच. व्हिक्टोरिया राणीचं हे सुट्टीचं घर, २२ जानेवारी १९०१ ला ती इथेच वारली. १८९०-९२ मध्ये बांधलेली दरबार रूम बघाच. जॉन लॉकवुड किपलिंगच्या हाताखाली तयार झालेल्या लाहोरच्या भाई रामसिंग यांनी घडवली, छतापासून भिंतीपर्यंत पांढरी नक्षी, शेकोटीवर मोर. बाहेरच्या मार्गिकेत रुडॉल्फ स्वोबोडाने काढलेली साध्या भारतीय कारागिरांची चित्रं आहेत. राजेरजवाड्यांपेक्षा ते चेहरे मला कायमचे लक्षात राहिले. राणी भारतात कधीच आली नाही. आग्र्याच्या अब्दुल करीमकडून हिंदुस्तानी शिकली, आणि ती गेल्यावर मुलाने त्यांची पत्रं जाळवली.

सुधागडी

असईच्या लढाईत रस असलेल्यांसाठी हॅम्पशरचं स्ट्रॅटफील्ड से. असईला मराठ्यांना हरवणाऱ्या वेलिंग्टनचं घर, वर्षातून थोडेच दिवस उघडतं. त्याच्या कोपनहेगन नावाच्या घोड्याचं थडगं ओकच्या झाडाखाली. १८०३ च्या दख्खन मोहिमेनंतर अधिकाऱ्यांनी दिलेला चांदीचा 'डेक्कन' भोजनसंच मात्र लंडनला अॅप्स्ली हाउसमध्ये आहे.

शंकेखोर

मुलं सात आणि दहा वर्षांची. कंटाळतील का?

रुळांवरून

घरांत अर्ध्या तासाने कंटाळतात, त्यामुळे आधी बाग, मग घर. किल्ल्यांत प्रश्नच नाही. इंग्लिश हेरिटेजच्या सभासदत्वात एका मोठ्या माणसाबरोबर घरची सहा मुलं फुकट येतात.  ट्रस्टच्या घरांत जुन्या पुस्तकांचं दुकान असतं, पौंड-दोन पौंडात पुस्तक मिळतं. ते लाच म्हणून उपयोगी पडतं. आणि दशम्या-चटणी घरून न्या, हिरवळीवर बसून खाता येतं. बँक हॉलिडेला कॅफेची रांग बघून भूक मरते.

पेशवेपार्क

जूनमध्ये एका गुरुवारी सेझिनकोटला जायचा बेत आहे. कोण येतंय? सकाळी शेजारच्या बॅट्सफर्डला झाडं बघू, दुपारी सेझिनकोट.

पारिजातक

मी आणि सासूबाई. हिडकोट बसवाल का मध्ये?

पेशवेपार्क

गाडी असेल तर बसेल. तुमची आणा, माझ्याकडे तिकीट पॅडिंग्टनचं आहे.

रोखठोक

गुरुवारी मलाही जमेल. बॅसिल्डनला जाऊन आलो, लिहितो सवडीने. स्कोन बरा होता.